मांजर सारखं खाजवतंय आणि मधेच अंगात आल्यासारखं धावतंय? आधी कातडी बघा, स्वभावाचं नंतर

तुमची मांजर चिंगी सारखी खाजवतेय आणि मधेच उसळून धावतेय, असं तुम्ही लिहून विचारलंत, त्याचं हे उत्तर. सगळ्यात आधी, शेजाऱ्यांनी दिलेले ते कुत्र्याचे पिसवांचे ड्रॉप्स तिला लावू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा पण हे आत्ताच वाचा. कुत्र्यांच्या बऱ्याच पिसवांच्या औषधांत परमेथ्रिन असतं, कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या लिव्हरला मात्र त्याचा निचरा नीट करता येत नाही. काही तासांत कान फडफडायला लागतात, अंग थरथरतं, तोल जातो, झटके येतात, आणि मांजरं यात दगावतात, मी स्वतः बघितलंय. चुकून लावलंच असेल तर कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून ती जागा धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि तडक डॉक्टरकडे. अंग आधीच थरथरत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट निघा. माणसांची पॅरासिटामॉलसुद्धा मांजराला विषच, एक गोळीही जिवावर बेतते. टी ट्री ऑईल नैसर्गिक म्हणून लावतात लोक, तेही नको, आणि आपली खाजेची मलमंही नकोत कारण मांजर लावलेलं सगळं चाटून पोटात घेतं.

दुसरं, मुलाला परवा ओरखडलंय म्हणालात. रक्त आलं असेल किंवा दात लागल्याची जरासुद्धा शंका असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि आजच डॉक्टरना दाखवा, मांजर घरातलं असलं तरी. चिंगीची रेबीजची लस कधी झाली ते कार्ड सोबत न्या. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून छिद्र एवढंसं दिसतं आणि आत पू होतो, म्हणून बोटाला किंवा सांध्याजवळ चावलं असेल तर बघू उद्या असं करू नका.

आता मूळ प्रश्न. तुम्ही लिहिलंय की चिंगी चार वर्षांची आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे, घराबाहेर जात नाही. तीन आठवडे झाले सारखी खाजवतेय, अंगावर एकही पिसू दिसली नाही. रात्री शांत बसलेली असताना एकदम दचकून उठते, शेपटीकडे वळून फिस्कारते, पाठीची कातडी वळवळते आणि मग कोणी मागे लागल्यासारखी घरभर धावते. पाठीवर हात ठेवला की चावायला येते. शाम्पू दोन दिवसांआड चालू आहे तरी फरक नाही, एकदा दाखवून आणलं तर स्किन ठीक आहे असं सांगितलं, आणि आता घरातले म्हणतायत ही वेडी झाली, कुठेतरी सोडून या.

वेडी झालेली नाही हो ती. मी गेली २२ वर्षं मांजरं-कुत्री तपासतोय, आणि खाजवणं आणि हे अचानक उसळणं अशा दोन वेगळ्या तक्रारी घेऊन लोक येतात तेव्हा बहुतेक वेळा ती एकच तक्रार असते. आपल्याला पाठीत सणकन काही चावलं तर आपण हात मागे नेतो, मुंगी असेल म्हणतो आणि विषय संपतो. मांजराला ते कळत नाही, त्याला एवढंच कळतं की मागून कोणीतरी टोचलं, मग ते वळून फिस्कारतं, शेपटीलाच चावतं आणि तिथून पळ काढतं, आणि दुखणारी जागा सोबतच येते म्हणून परत पळतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं डोक्यात बिघाड झालाय. तुम्ही रेबीजचं विचारलंय म्हणून सांगतो, रेबीजची लक्षणं सुरू झालेलं मांजर साधारण १० दिवसांच्या आत जातं, तीन आठवडे खात-पीत, लिटर बॉक्स (शी-शूचं खोकं) वापरत राहत नाही. चिंगीचं चित्र त्यात बसत नाही. पण ज्यांचं मांजर बाहेर फिरतं, लस झालेली नाही, आणि अचानक विनाकारण अंगावर येतंय, लाळ गळतेय, मागचे पाय लटपटतायत, त्यांनी हात न लावता दार बंद करून डॉक्टरना फोन करावा.

साधं धावणं आणि हे धावणं यातला फरकही बघून घ्या. मांजरं पहाटे आणि संध्याकाळी जास्त जागी असतात, लिटर बॉक्समधून आल्यावर किंवा तिन्हीसांजेला सुसाट दोन चकरा मारणं, सोफ्यावरून उडी, मग निवांत पाणी प्यायला जाणं, हे नॉर्मल आहे, त्यात ते खेळत असतं. चिंगीचं तसं नाही. ती बसलेली असताना, चाटत असताना, कधी झोपेतून, मधेच तुटल्यासारखी उठते, आणि आधी मागे बघते. ते मागे बघणं महत्त्वाचं आहे.

पिसू दिसली नाही म्हणजे पिसवा नाहीत असं अजिबात नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ज्या मांजराला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते त्याला एखाद-दोन चावे पुरतात, मग ते दिवसरात्र चाटत बसतं, आणि मांजराची जीभ म्हणजे काटेरी ब्रशच, ते पिसवा चाटून गिळून टाकतं. म्हणजे जितकी जास्त अ‍ॅलर्जी तितक्या अंगावर पिसवा कमी दिसणार. मोठ्या झालेल्या, आपल्याला दिसतील अशा पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम ५ टक्के, बाकी ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोश गालिच्यात, गादीच्या शिवणीत, फरशीच्या फटीत असतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते आणि जवळून कोणी चाललं, ऊब लागली की बाहेर पडते. घरातलंच मांजर आहे हो, कुठून येणार, असं सगळेच म्हणतात, पण पाहुण्यांच्या कुत्र्यावरून येते, उंदरावरून येते, आपल्या कपड्यांवरून येते, आधीच्या भाडेकरूंच्या मांजराची राहिलेली असते.

तर आज रात्री हे करा. ताटलीत ओला पांढरा कापूस पसरून ठेवा. चिंगीला तिच्या नेहमीच्या जागी बसू दे, ओढून मांडीवर घेऊ नका. उवांची बारीक फणी घ्या, शेपटीच्या मुळाच्या थोडं वर, कंबरेपाशी, केसांच्या दिशेने कातडीला टेकवत पण न दाबता हळू फिरवा, आणि फणीत जे येईल ते कापसावर झटका. काळे, मिरपुडीसारखे बारीक कण पडतील, त्यातली धूळ असेल ती काळीच राहील, पण जे कण दोन मिनिटांत विरघळून भोवती तांबूस-लाल डाग सोडतील ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. पाठीला फणी लावू देत नसेल तर जबरदस्ती नको, ती जिथे झोपते ते अंथरूण पांढऱ्या कागदावर झटका आणि ते कण कापसावर घ्या, तेवढंही पुरतं.

एक बोका आठवतो, पिवळा, सहा वर्षांचा, दोन ठिकाणी दाखवून माझ्याकडे आणला होता. मेंदूचा आजार आहे असं मालकांनी मनाशी पक्कं केलेलं, कारण पाठीवरून नुसतं बोट फिरवलं की कातडीची लाट मानेपासून शेपटीपर्यंत जायची, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हायच्या आणि तो स्वतःच्या शेपटीवर तुटून पडायचा. मी पाच-सात मिनिटं फणी फिरवत होतो, काहीच नाही, आणि मग शेपटीच्या अगदी मुळाशी एक कण मिळाला, एकच, तो कापसावर लाल झाला. कंबरेचे केस उलटे करून बघितलं तर बारीक बारीक खपल्या, बाजरीच्या दाण्यांवरून हात फिरवावा तशा लागत होत्या. मांजराच्या त्वचेच्या या प्रकाराला मिलियरी डर्मटायटिस म्हणतात, त्यातला मिलियरी हा शब्दही धान्याच्या बारीक दाण्यावरूनच आलाय. हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतं, म्हणून केसांवरून नुसतं बघून स्किन ठीक आहे म्हटलं जातं. त्या बोक्याला पिसवांचं औषध तीन महिने न चुकवता दिलं, घरातल्या दुसऱ्या मांजरालाही दिलं, आणि पाठीची लाट दुसऱ्या महिन्यातच बंद झाली.

तीन महिने म्हणतोय ते मुद्दाम. एक डोस लावून फरक नाही म्हणून सोडून देणारे खूप आहेत. अंगावरच्या पिसवा मरतात पण घरातले कोश फुटत राहतात, ते सगळं चक्र संपायला तेवढा वेळ लागतोच, आणि घरातल्या प्रत्येक प्राण्याला एकाच वेळी द्यावं लागतं, जो खाजवत नाही त्यालासुद्धा. सेलामेक्टिन, फ्लुरालेनर, इमिडाक्लोप्रिड अशी मांजरांसाठी वेगळी बनवलेली औषधं मिळतात, वजन करून डॉक्टरांकडूनच घ्या, मोठ्या कुत्र्याच्या पाकिटातून अर्धं काढून देणं हा प्रकार नको. मानेच्या मागे, जीभ पोचणार नाही अशा जागी केस बाजूला करून थेट कातडीवर लावायचं, केसांवर नाही. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूम असेल तर सोफ्याच्या फटींतून रोज फिरवा आणि आतला कचरा लगेच घराबाहेर टाका.

आणि तो शाम्पू आजपासून बंद. दोन दिवसांआड धुऊन तुम्ही कातडीचं तेल काढून टाकताय, त्याने कोरडेपणा येऊन खाज अजून वाढते, वर ड्रॉप्सपैकी बरीच औषधं त्या तेलातूनच अंगभर पसरतात, म्हणजे औषधही वाया. मांजराला धुण्याचा जो ताण येतो तो वेगळाच.

पिसवांचा बंदोबस्त करूनही खाज राहिली तर मांजर कुठे खाजवतंय यावरून पुढची दिशा ठरते. कान आणि डोकं झटकत असेल, कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ असेल तर कानातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे, ते घरातल्या इतर मांजरांना आणि कुत्र्यांनाही लागतात. कानाच्या कडांपासून सुरू होऊन तोंडावर जाड खपल्या असतील तर खरूज, ती फार झपाट्याने पसरते आणि आपल्यालाही थोडे दिवस खाज देते. केस गेलेले गोल चट्टे, आणि घरात कोणाच्या हातावर गजकर्णासारखं काही उठलं असेल तर ते बुरशीचं, त्यात खाज असेलच असं नाही. चेहरा आणि मान रक्त येईपर्यंत ओरबाडत असेल, बारा महिने सारखंच असेल तर खाण्याची अ‍ॅलर्जी डोक्यात ठेवायची, आणि त्याला रक्ताच्या किंवा केसाच्या टेस्टवर विसंबू नका, त्या भरवशाच्या नाहीत. निदान एकाच मार्गाने होतं, डॉक्टरनी ठरवलेला एकच आहार ८ आठवडे, मधे दुसरा एक घासही नाही, आणि मग जुनं खाणं परत सुरू करून खाज उलटते का ते बघणं. घरातलं कोणीतरी प्रेमाने चमचाभर काहीतरी घालतं आणि सगळे आठवडे पाण्यात जातात, म्हणून आधी घरच्यांशी बोला. या सगळ्यातून काही सापडलं नाही तर वातावरणातल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी उरते, तिला औषधं आहेत पण ती दीर्घकाळची.

पोट चाटून चाटून केस गेले असतील तर लोक लगेच टेन्शनमुळे करतेय म्हणतात. मीही पूर्वी म्हणायचो. २००६ साली एका व्हेटरनरी जर्नलमध्ये २१ मांजरांचा अभ्यास आला, सगळ्यांवर मानसिक कारणाने केस चाटतात असा शिक्का बसलेला, नीट तपासल्यावर त्यातल्या १६ जणांना शारीरिक कारण सापडलं आणि निव्वळ मानसिक म्हणावीत अशी फक्त २ निघाली. तेव्हापासून टेन्शन हा शब्द मी सगळं तपासून झाल्याशिवाय तोंडातून काढत नाही. पोटाखाली चाटण्यामागे कधी कधी ब्लॅडरचं दुखणंही असतं. आणि बोका जर लिटर बॉक्समध्ये परत परत जाऊन जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, तर ती रात्रीची पण इमर्जन्सी आहे, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

आता तो शब्द, जो तुम्ही कुठेतरी वाचलाय, हायपरएस्थेशिया. असा प्रकार आहे, खरा आहे. पाठीची कातडी लाटेसारखी हलते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, शेपटी जोरात आपटते, मांजर ओरडतं, कंबर किंवा शेपटी चावतं, धावत सुटतं, आणि एक-दोन मिनिटांत सगळं शांत होऊन काही झालंच नाही असं वागतं. तरुण मांजरांत जास्त दिसतं, म्हणजे चिंगीचं वय त्यात बसतं. पण त्याची कुठलीही एक टेस्ट नाही, बाकी सगळं नाही हे सिद्ध झाल्यावरच ते नाव द्यायचं असतं, आणि वर त्या बोक्याचं सांगितलं ना, हुबेहूब तेच दिसत होतं आणि निघाल्या पिसवा. मणक्याचं दुखणं, सांध्यांचं दुखणं, शेपटी दारात सापडून झालेली जुनी इजा, गुदाजवळच्या ग्रंथी भरणं, हे सगळं असंच दिसतं. खरोखर हायपरएस्थेशिया निघालाच तर गॅबापेंटिनसारखी नसांच्या वेदनेची औषधं किंवा फ्लुओक्सेटिन देतात, बरीच मांजरं त्यावर छान राहतात, पण तो डोस डॉक्टरचा, घरातल्या कोणाच्या गोळ्यांमधून तोडून द्यायचा नाही.

वयस्कर मांजरांचे मालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं वेगळं, दहा वर्षांच्या पुढे अचानक अस्वस्थ झालं, रात्री ओरडतंय, भरपूर खातंय तरी वाळतंय, तर थायरॉईडची टेस्ट आणि सोबत बीपी बघून घ्या. बीपी वाढून मांजराची नजर एका दिवसात जाऊ शकते, मग ते भिंतीला आपटतं, दचकतं, आणि आपण म्हणतो वागणं बदललं.

डॉक्टरकडे परत जा, यावेळी तयारीने जा. ती दवाखान्यात दबून बसेल, तिथे काहीच करणार नाही, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ हवा, सुरुवातीपासूनचा, म्हणजे उसळायच्या आधी काय करत होती तेही दिसलं पाहिजे, आणि झटका संपल्यावर शुद्धीत आहे का, हाक मारल्यावर बघते का हेही. फिट आणि हे यातला फरक मला कित्येकदा व्हिडिओवरूनच कळतो. सोबत कागदावर वेळ, कुठे खाजवलं, शेवटचं पिसवांचं औषध कधी आणि कुठलं, एवढं लिहून न्या. तिथे फणी फिरवायला सांगा, कानातला मळ आणि कातडीचा नमुना मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा, मणका आणि शेपटी दाबून बघायला सांगा, तोंड उघडून दात बघायला सांगा. सांगायला संकोच करू नका, गर्दीच्या वेळी राहून जातं.

स्टिरॉईडच्या इंजेक्शनबद्दल माझं मत विचारलंत. खाज थांबते, दोन दिवसांत थांबते, म्हणूनच जपून. मी प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका मांजरीला दर दीड-दोन महिन्यांनी ते लांब पल्ल्याचं इंजेक्शन देत गेलो, मालक खूष, मांजर शांत, आणि वर्षभराने ती खूप पाणी पिते म्हणून आली तर डायबेटिस झालेला. पिसवांचं औषध तिला कधी सलग मिळालंच नव्हतं, ते मी विचारलंच नव्हतं. ती गोष्ट मला अजून टोचते. स्टिरॉईड वाईट नाही, जखमा होईपर्यंत ओरबाडणाऱ्या मांजराला थोड्या दिवसांच्या गोळ्या देऊन आराम द्यावाच लागतो, पण कारण न शोधता परत परत इंजेक्शन असं होत असेल तर थांबवून विचारा.

तोपर्यंत घरात. झटका आला की कोणी ओरडू नका, पाणी मारू नका, धरायला तर अजिबात जाऊ नका, त्या क्षणी तिला माणूस ओळखू येत नाही आणि मुलाला बहुतेक तसंच लागलंय. लाईट मंद करा, मुलाला दुसऱ्या खोलीत न्या, तिला स्वतःहून शांत होऊ दे, कधी कधी खिडकीबाहेर दुसरं मांजर दिसल्यावरही असा राग घरातल्यांवर निघतो आणि तो काही तास टिकतो. पाठ आणि कंबर सध्या सगळ्यांसाठी बंद, लाड करायचे तर गालावर आणि हनुवटीखाली, तेही ती आली तर. पुढची नखं थोडी कापा, जखमा होत असतील तर गळ्यात चाटू-खाजवू न देणारी मोठी कॉलर लावा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं दोरीला बांधलेल्या खेळण्यामागे पळवून मग खायला द्या, आणि उंचावर लपायला एक खोका ठेवा जिथे मुलानेसुद्धा हात घालायचा नाही. घरच्यांना सांगा की सोडून आलात तर तीच खाज घेऊन ती रस्त्यावर बसेल, जिथे कोणी फणीही फिरवणार नाही, तीन महिने द्या मला म्हणावं.

आज रात्री कापूस ओला करून ठेवा, आणि डाग लाल आला की काळाच राहिला ते मला सांगा, त्यावरून पुढचं बोलू.